आधी तुमची बाजू सांगते

खमरियाच्या मुलीशी भांडून आजवर कोणी जिंकलं नाही आणि कोणी हरलंही नाही, कारण तिच्याशी भांडण कधी सुरूच होऊ शकलं नाही. भांडायला आलेला माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच ती हात वर करून म्हणते, "थांबा, आधी मी तुमची बाजू सांगते." आणि मग ती त्याची बाजू अशी काही सांगते, की तो राग विसरून मान डोलवायला लागतो. आपल्याला एवढं सगळं म्हणायचं होतं हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळतं. तिची स्वतःची बाजू सांगायची वेळ येईपर्यंत एक तर घंटा होते, नाही तर जेवण संपतं, नाही तर समोरचा तिच्या डोक्यावर हात ठेवून निघून जातो.

आमचं कॉलेज लहानसं आहे. जबलपूर शहर संपल्यावर नर्मदेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टेकाड लागतं, त्याच्यावर. मुलं-मुली तिथंच राहतात, शिकवणारेही तिथंच राहतात, आणि सगळे एकाच मेसमध्ये लांब बाकांवर बसून जेवतात. त्या मेसमध्ये मी पोळ्या करते. चेरीतालहून सकाळच्या बसनं येते. इथं काय शिकवतात असं मला शेजारी विचारतात, पण नीट सांगता येत नाही. एकच मुलगी सकाळी इतिहास शिकते, दुपारी गणित, आणि संध्याकाळी मातीची भांडी करते. हे सगळं शिकून पुढं काय, हे जबलपुरात फार कमी लोकांना ठाऊक आहे. खमरियाच्या मुलीच्या वडिलांनाही ते ठाऊक नव्हतं, आणि सगळा घोर तिथूनच सुरू झाला.

तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ती खमरियाच्या फॅक्टरी क्वार्टरातली, म्हणून सगळे तिला खमरियावाली म्हणतात. तिला ही सवय लावली तत्त्वज्ञानाच्या सरांनी. ते पहिल्या वर्षाच्या सगळ्याच मुलांना सांगतात, की वाद घालायचा असेल तर आधी समोरच्याचा पक्ष मांडायचा, तोही असा, की त्यानं स्वतः म्हणावं, "हो, हेच." तो 'हो' म्हणाला, तरच आपण उत्तर द्यायचं. बाकीच्या मुलांनी हे परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं आणि सोडून दिलं. हिनं मात्र ते उपासासारखं धरलं. आमच्या मेसचे स्वयंपाकी, म्हणजे महाराज, त्यांची डाळ एकदा खूप खारट झाली. मुलं ताटं आपटू लागली. ही ताट घेऊन सरळ आत आली आणि म्हणाली, "महाराज, पहले मैं आपका पक्ष रखती हूँ." मग सांगू लागली, की एवढ्या मोठ्या पातेल्यात हाताचा अंदाज चुकतो, देवाला दाखवल्याशिवाय तुम्ही चाखत नाही, आणि मुलांना आळणी दिलं तरी तीच मुलं ओरडतात. महाराजांचे डोळे भरून आले. "बिल्कुल सही, बिटिया," म्हणून त्यांनी तिच्या वाटीत दोनदा खीर वाढली. डाळ खारटच राहिली.

एकदा माकडानं गॅलरीतून तिची शाल नेली. ही खाली उभी राहून फांदीकडे पाहत बोलू लागली, की झाडं आधी तुमची होती, आम्ही नंतर आलो, थंडी तुम्हालाही वाजते. मी पोळपाट धूत होते. "अगं, दगड मार ना," मी म्हटलं. ती म्हणाली, "मारते मावशी, पण आधी त्याला 'हो' तर म्हणू द्या." शाल अजून आलेली नाही. वादविवाद स्पर्धेत तर वेळ संपल्याची घंटा वाजली तेव्हा ती विरोधी मुलांचेच मुद्दे सांगत होती. ती मुलं पहिली आली, आणि बक्षीस घेऊन खाली उतरल्यावर तिच्या पाया पडून गेली.

माझ्याही वाट्याला ती आलीच. महाराजांनी मला एकदा रविवारची सुट्टी नाकारली. मला कोणासमोर बोलणं जमत नाही. तिनं खिडकीतून ऐकलं. महाराजांची बाजू तिनं सांगितली, त्यांनी 'हो' म्हटलं, आणि ती म्हणाली, "आता मावशींची बाजू." सगळी मेस माझ्याकडे पाहू लागली. मी कोठीत शिरले आणि लोक उठेपर्यंत बाहेर आले नाही. सुट्टी मिळाली, पण नंतर आठवडाभर मी तिच्याकडे पाहायचंही टाळत होते.

गेल्या वर्षी मटारचे दिवस होते. दुपारचं आवरून मी ओसरीवर मटार सोलत होते आणि ती मदतीला बसली होती. तेवढ्यात तिच्या वडिलांचा फोन आला. त्यांचा आवाज एवढा मोठा, की मलाही सगळं ऐकू आलं.

"रविवारी येऊन राहिलो मी. सामान भरून ठेव. इथं शहरातल्या कॉलेजात कम्प्युटरच्या कोर्सला तुझं नाव घातलं आहे. घरून जाशील, घरी येशील. बस, झालं आता."

"बाबा, तुमचं म्हणणं असं आहे ना, की..."

फोन बंद झाला. ती मटारची शेंग हातात धरून तशीच बसली. मला वाटलं आता रडेल. पण ती म्हणाली, "मावशी, माझं नाही ऐकलं, ठीक आहे. त्यांनी त्यांचंच पण ऐकून नाही घेतलं."

तो आठवडा मी अजून विसरले नाही. वडील काय म्हणतील याची भीती कोणालाच नव्हती. भीती होती ती ही काय म्हणेल याची. तिची खोलीतली मैत्रीण रोज जेवताना तिच्या मागे लागायची. "देख, तुझे सिर्फ एक लाइन बोलनी है. 'पापा, मैं नहीं आऊँगी.' बोल."

"पर उनकी बात भी तो..."

"उनकी बात वो खुद बोल लेंगे! मुँह है उनका!"

शुक्रवारी तर तत्त्वज्ञानाचे सर स्वतः मेसच्या खिडकीशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता. सर पुण्याकडचे, फार हळू बोलतात. म्हणाले, "बाळ, मीच शिकवलं, मीच सांगतो. वडिलांपुढे त्यांचा पक्ष नको मांडूस. एवढ्या वेळेपुरता नियम सोड."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "सर, तुम्हाला असं काहून वाटते ते मी सांगू का? तुम्हाला भीती आहे, की तुमच्या शिकवण्यामुळेच मी इथून जाईन..."

सर हात जोडून परत गेले.

रविवारी वडील जेवणाच्या वेळीच आले. आमच्याकडे रविवारी पुरी, बटाट्याचा रस्सा आणि खीर असते, आणि कोणाचे घरचे आले तर त्यांनी मुलांबरोबरच बसायचं असतं. बारीक चणीचा, ताठ बसणारा माणूस. स्वेटर, मफलर. एका हातात हेल्मेट आणि दुसऱ्या हातात रिकामी मोठी बॅग, सामान भरायला आणलेली. हेल्मेट त्यांनी मांडीवर ठेवलं आणि बॅग बाकावर शेजारी, माणूस बसवावा तशी. ताटाला हात लावला नाही.

"चाल. सामान झालं काय?"

"बाबा, आधी मी तुमची बाजू सांगते."

मैत्रिणीनं डोळे मिटून घेतले. सर पाण्याचा ग्लास तोंडाशी नेऊन तसेच थांबले.

"माझी बाजू मला माहीत आहे."

"तरी ऐका ना. बरोबर नसेल तर सांगा."

ती सांगू लागली. आवाज अगदी साधा. तुम्ही दोन वर्षांत रिटायर व्हाल, क्वार्टर सोडावं लागेल. वडील म्हणाले, "हो." शेजारचे विचारतात पोरगी काय शिकून राहिली, आणि तुम्हाला सांगता येत नाही, म्हणून तुम्ही नुसतं 'बी.ए.' म्हणता आणि विषय बदलता. ते म्हणाले, "हो. मग?" इथून बाहेर पडल्यावर नोकरीचं काही खरं नाही. "हो ना! हेच तर म्हणतो मी," ते म्हणाले आणि समाधानानं सगळ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. नेणार हे हिला. ही स्वतःच बॅग भरून देऊन राहिली.

"आणि दादा," ती म्हणाली.

"त्याचा विषय नाही इथं."

"आहे बाबा. त्याला शिकायला पाठवलं तेव्हा स्टेशनवर तुम्हीच सोडलं. आधी त्याचा रोज फोन यायचा. मग रविवारी यायचा. आता सणाला येतो, 'और पापा, सब ठीक?' विचारतो, तुम्ही 'सब ठीक' म्हणता आणि फोन आईला देता. तो घरात मराठी बोलत नाही आता. तुम्हाला कम्प्युटरचं काही नाही बाबा. तुम्हाला वाटते, पोरं शिकली की जातात. मी पण जाईन."

माझ्या कढईतली पुरी काळी झाली होती. वडील हेल्मेटवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "हो."

मग पुन्हा म्हणाले, "हेच."

आता तिची पाळी होती. आयुष्यात पहिल्यांदा घंटा झाली नव्हती, जेवण संपलं नव्हतं आणि समोरचा माणूस उठून गेला नव्हता. तिनं एकदा सरांकडे पाहिलं. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, याला माझ्यापाशी उत्तर नाही. सामान भरते मी." तिनं बॅग उचलली आणि ती दाराकडे निघाली. मैत्रीण हुंदके देऊ लागली. सरांनी कपाळाला हात लावला.

"थांब," वडील म्हणाले. मग सरांकडे वळले, त्यांच्या नियमाचं मुलीनं घरी सांगितलेलं असणार. "सर, तुम्हीच काय यांना हे शिकवलं? हा नियम फक्त पोरांसाठी आहे, की आमच्यासाठी पण?"

"सगळ्यांसाठी," सर म्हणाले.

"अच्छा. बस इकडे," त्यांनी मुलीला सांगितलं. "मी सांगतो तुझी बाजू. तुला इथं बरं वाटते."

"वाटते बाबा. पण एवढंच नाही."

"मैत्रिणी आहेत."

"आहेत. पण ते नाही."

"घरी आई काम सांगते."

बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ती म्हणाली, "ते तर आहेच. पण ते पण नाही बाबा."

ते चिडले. "मग काय आहे? सांग ना सरळ!"

"मी नाही सांगू शकत. तुम्हाला सांगावं लागते."

मला वाटलं, आता ते ताट भिरकावतील. फॅक्टरीत हाताखालच्या माणसांना हुकूम देण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला पोरीची परीक्षा द्यायची वेळ आली होती. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. सगळी मुलं जेवायची थांबली होती. कोणाच्या हातात पुरीचा तुकडा तसाच होता, कोणाचा रस्सा ताटावर सांडत होता. सगळे तिच्याकडे पाहत होते. वडिलांनी हे सगळं सावकाश पाहून घेतलं.

"घरी मी बोलतो," ते म्हणाले, "आणि तू ऐकतेस. तुझी आई पण ऐकते. इथं तू बोलून राहिली, नि इतके लोक जेवण सोडून थांबले." ते थोडे अडखळले. "माझ्यासाठी असं कोणी थांबलं नाही कधी. तुला हे सोडून यायचं नाही."

तिनं नुसती मान हलवली.

"तसं नाही. हो की नाही, ते बोल. नियम आहे ना तुमचा?"

"हो बाबा," ती म्हणाली. "हेच."

"मग आता मला उत्तर द्यावं लागते?"

"हो."

ते ग्लासभर पाणी प्यायले आणि मफलरनं तोंड पुसून म्हणाले, "खीर आण आधी."

खीर मीच वाढली. त्यांनी शांतपणे सगळं जेवण केलं, महाराजांना नमस्कार केला, आणि रिकामी बॅग घडी करून स्कूटरच्या डिकीत कोंबली. उत्तर त्यांनी काही दिलं नाही. तेव्हापासून ते दर रविवारी येतात, जेवतात, पण त्या गोष्टीचा विषय काढत नाहीत. मुलगीही काढत नाही. ती दुसरंच काही सांगत असते आणि ते रस्सा ओरपत ऐकतात. आता त्यांच्यासाठी फुगलेली पुरी मी बाजूला काढून ठेवते.

आता तिचं शेवटचं वर्ष आहे. गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "इथून पुढं कुठं जाणार म्हणतेस?" तिनं दक्षिणेकडच्या एका शहराचं नाव सांगितलं. तिथं पुढचं शिकायचं आहे तिला.

"गाडीनं किती लागते?"

"रात्र, दिवस, आणि पुन्हा रात्र, बाबा."

"अच्छा," ते म्हणाले. ती पाणी आणायला उठली. ते पुरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसले होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, एवढ्या लांब जाताना डब्यात काय टिकते?"

त्यांच्याशी मी आजवर एक शब्द बोलले नव्हते.

"दशम्या टिकतात," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "मुलाच्या वेळी त्याच दिल्या होत्या."