गाडीच्या टाकीतलं पाणी

लातूरच्या परीक्षा केंद्राचं गेट दीड वाजता बंद होणार होतं. दीड म्हणजे दीड, मग देव आला तरी आत सोडत नाहीत. माझ्या मुलीचा हा दुसरा प्रयत्न. बारावीनंतर वर्षभर लातूरच्या क्लासमध्ये राहून ती पुन्हा डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा देत होती. शेवटचे पंधरा दिवस नांदेडला घरी आली होती, पण केंद्र लातूरचंच. मिस्टरांची ड्युटी होती, म्हणून गाडी मी काढली. चांगले दोन तास हाताशी ठेवून निघालो होतो. ते लोह्याजवळच्या रस्त्याच्या कामाने खाल्ले.

अहमदपूर ओलांडलं तेव्हा बारा वाजत आले होते. पुढेही काम चालूच. मुरमावर टँकरने पाणी मारलेलं, त्यातून समोरचा टिप्पर धाडकन गेला आणि पांढरट चिखलाने आमची काच भरली. वायपर लावला तर चिखल नुसता पसरला. काचेवर पाणी मारायचा दांडा ओढला. मोटर घरघरली, थेंब आला नाही.

गाडी कडेला घेतली. प्यायची बाटली काचेवर ओतली, काच पुसली, निघालो. दोन किलोमीटरवर दुसरा टिप्पर. पुन्हा काच आंधळी. बाटली रिकामी, आणि असं दर टिप्परला थांबत गेलो असतो तर गेट मिळत नव्हतं.

नांदेडच्या मेकॅनिकला फोन लावला.

"मॅडम, मोटरचा आवाज येऊन राहिला का?"

"हो."

"मग फ्यूज ठीक हाय. टाकीत पाणी?"

बॉनेट उघडून बघितलं. टाकी काठोकाठ.

"आता बॉनेटखाली, पाणी उडतं त्या नोझलला बारीक रबरी पाइप हाय, तो उपसा आन् मोटर चालवा."

मी पाइप उपसला, मुलीला दांडा ओढायला सांगितलं. पाण्याची धार थेट माझ्या पदरावर आली.

"मंग नोझल जाम हाय. टाकीत पाणी कोणतं टाकलं व्हतं?"

"फिल्टरचं."

"पिण्याचं का बाजूच्या नळीतनं बाहेर पडतंय ते?"

"नळीतलं," मी म्हटलं. आमच्याकडे फिल्टरने टाकलेलं पाणी कुणी मोरीत सोडत नाही. बादलीत धरतो, फरशी पुसतो, झाडांना घालतो. मी ते गाडीलाही घालत होते आणि शेजारणींना कौतुकाने सांगत होते. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेली मुलगी मी. टँकर आला की घागर घेऊन धावायचे, आणि सांडलं तर आईचा धपाटा ठरलेला. पाणी फेकायला हातच धजत नाही माझा.

"मॅडम, ते निस्ता क्षार हाय. बोअरचं लई जड पाणी पितो आपण, त्याचा सगळा क्षार त्या नळीतनंच येतो. पिन घालून भोक मोकळं करा, बस."

पिन! गाडीत पिन नव्हती. परीक्षेला धातूचं काही चालत नाही म्हणून सकाळी मीच तिच्या कानातलं, क्लिपा, ओढणीची पिन काढून घेतली होती. चुकून तिच्या ओढणीला लागायला नकोत म्हणून माझ्याही साडीच्या पिना घरीच ठेवल्या होत्या. शहाणपणाचा कळस.

मुलगी खाली उतरली, कडेच्या बाभळीचा लांब काटा मोडून आणला. मी तो हिसकावला आणि डाव्या नोझलमध्ये खुपसला. टोक आतच तुटलं.

"मम्मी, हळू."

"हळू काय हळू! बारा वीस झालेत! तुला काही वाटतं की नाही? आयुष्याचा प्रश्न आहे आणि तू अशी उभी, झाड बघत!"

मला तिच्या त्या शांतपणाचा संताप आला, खरं सांगते. नुसता पैसा नव्हे, अख्खं वर्ष घातलं होतं आम्ही, आणि हिच्या कपाळावर आठी नाही. तिने दुसरा काटा आणला. मला बाजूला केलं. ड्रायव्हरच्या बाजूच्या नोझलमध्ये टोक टेकवून बोटांनी नुसतं फिरवत राहिली. पांढरी पूड पडली. काटा काढून पाइप बसवला, मी दांडा ओढला. वाकडी का होईना, माझ्यासमोरच्या काचेवर धार पडली.

त्यानंतर किती टिप्पर आडवे आले ते मोजलं नाही. दांडा ओढत, पाणी मारत, नको तिथे ओव्हरटेक करत मी गाडी हाकली. ती बाहेर बघत होती. एक पंचवीसला केंद्रासमोर ब्रेक दाबला. रखवालदार गेटचा एक पल्ला लावतच होता.

"पळ!"

तिने प्रवेशपत्र उचललं, दार उघडलं आणि थांबली.

"मम्मी, तिथं थांबलो ना, तेव्हा वाटलं ते नोझल नीटच होऊ नये. गेट बंद झालं तर सुटलेच. पण तू काटा आतच मोडलास ना, ते मला बघवेना."

आणि ती पळाली. पल्ल्याच्या फटीतून आत शिरताना तिची पाठ दिसली, मग गेट लागलं. बाहेर पालकांची गर्दी होती. कुणाचं मूल कुठल्या क्लासला, मागच्या वेळी मार्क किती, हीच चर्चा. एका बाईंनी मला विचारलं, "तुमची तयारी कशी आहे?"

दोन वर्षांत मी तिला हजारदा मार्क विचारले होते, डॉक्टर व्हायचंय का हे एकदाही विचारलं नव्हतं.