बांबर्गर हे आडनाव

नव्या माणसाचं आडनाव कळलं की त्याला बसायला सांगण्याआधी मालगुंडकर सर त्याचं मूळ गाव सांगून मोकळे व्हायचे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते रत्नागिरीत घरीच जर्मन शिकवत. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "त्यांच्या आडनावातला 'अर' म्हणजे आपला 'कर'. आणि मालगुंडात राहणाऱ्याला मालगुंडकर कोण म्हणेल गो? गाव सोडलं की मग ते नावाला चिकटतं."

पुढे मी मिरजोळ्याला एका कारखान्यात दुभाषी झाले. तिथे आलेल्या बांबर्गर नावाच्या जर्मन इंजिनिअरला एकदा सरांकडे नेलं.

"म्हणजे तुम्ही बांबर्गचे," सर खुशीत म्हणाले.

आजोबांचं नाव हान्स, जन्म बांबर्गचा आणि जन्मतारीख, एवढंच त्याला ठाऊक होतं. "म्हणजे घराणं पुन्हा गावी परतलेलं," म्हणत सरांनी ती तारीख लिहून घेतली आणि तिथल्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीला मेल पाठवली.

उत्तर आलं त्याच दुपारी तो चहाला यायचा होता. सरांनी छापलेला कागद माझ्यापुढे धरला.

"वाच. माझं जर्मन चुकत असेल."

चुकत नव्हतं. त्या तारखेला जन्मलेला हान्स बांबर्गर विसाव्या वर्षीच दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता. लग्न नाही, भावंडं नाहीत.

"मग याचा आजोबा कोण?" सर पुटपुटले. मेलेल्या पोराचे कागद घेऊन कुणीतरी अख्खा संसार केला होता.

"सर, सांगायलाच हवं का?"

"शोधायला मी गेलो. आता लपवू कसं?"

तो आला. कागद दोनदा वाचून मांडीवर ठेवला.

"आजोबा आम्हाला बांबर्गला कधी नेत नसत," तो म्हणाला. "तिथे आपलं कुणी नाही, म्हणायचे."

सर उठून त्याच्याजवळ जाऊन बसले. चहाला कुणी हात लावला नाही. नंतर कित्येक दिवस सरांना जेवण जात नव्हतं. "मी कशाला उकरत बसलो," एवढंच म्हणायचे.

वर्षभराने त्याने फोटो पाठवला. सैनिकांच्या दफनभूमीतला दगड, त्यावर त्याचंच आडनाव. खाली प्रश्न होता, हे नाव ठेवू की टाकू?

सर तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलेलं ते शेवटचं पत्र.

"ठेव. पण दर वर्षी तिथे फुलं घेऊन जा. त्या पोराचं नाव चालवणारा तू एकटाच आहेस."