नावाड्याच्या घरची भाकर

"तलवार ऱ्हाऊ दे भो. पहिले सांग, घरमा दाना कितला शे?"

पुरुषोत्तमनगरला, आपल्या क्वार्टरच्या ओट्यावर, दर रविवारी दुपारी तो आम्हाला हे विचारायचा. माणूस साखर कारखान्यातला केमिस्ट, पण आमच्यासाठी खेळ चालवणारा. तो एका कल्पित राज्याची गोष्ट सांगायचा, आम्ही त्यातली माणसं व्हायचो, आणि काय होईल ते ठरेना तिथे फासे टाकायचे.

दुसरीकडे अशा खेळात लोक म्हणे राक्षस मारतात, राजकन्या सोडवतात. ह्याच्याकडे दोन राजांची लढाई आणि तिच्या वाटेत सापडलेलं आमचं एकतीस माणसांचं गाव. शाळेत मी मास्तर, पोरं मला चळचळा कापतात. इथे मी नावाडी, हातात एक वल्हं. धडगावकडची एक नर्स यायची, तिला आम्ही ताई म्हणायचो. ती म्हातारी वैदीण झाली होती. तिला मंत्र एकच येई, रक्त थांबवायचा, तोही दिवसातून एकदा.

"काका, दुसरा मंत्र कधी?" तिनं दीड वर्ष विचारलं.

"लढाईमा वाचनी ते शिकशी."

राजांपैकी कोण जिंकणार, हे त्यानं कधी सांगितलं नाही. "ते राजा पाही लेतीन. तुम्ही गाव वाचाडा." गाव वाचवणं, एवढाच आमचा खेळ होता, आणि खरं सांगतो, आठवडाभर डोक्यात तेच असायचं.

मग मी माती खाल्ली. एका रविवारी माझ्या नावाड्याच्या दारात दोन घोडेस्वार आले. आपल्याकडे दारात आलेल्याला काय म्हणतात, तुम्हीच सांगा. मी म्हणालो, "बसा, जेवून जा."

त्यानं पेन खाली ठेवलं. "काय वाढशी?"

मी रंगात आलेलो. कळण्याची भाकर, ठेचा, वर तूप, आणि "अजून एक घ्या" असा आग्रहसुद्धा केला. ताईनं कपाळाला हात लावला.

"भरेल गाव शे, हाई त्यास्ले समजनं," तो शांतपणे म्हणाला.

पुढच्या रविवारी त्या दाण्यासाठी फौज आली. तीन घरं जळाली. मी भांडलो. म्हटलं, अरे खेळच आहे, घोडेस्वार फौजेचे हेर हे मला काय माहीत, एकदा माफ कर.

"माफ करं ते लढाई कशानी?"

मी रागानं चहा न पिता निघालो. गावकरी पळून नदीकाठी आले होते, होडी माझी एकच, आणि पलीकडे कोण कोण पोचणार हे पुढच्या रविवारी ठरणार होतं.

तो रविवार आलाच नाही. बुधवारी प्रयोगशाळेत त्याच्या छातीत दुखू लागलं, आणि शहाद्याला नेईपर्यंत तो गेला. आमचं भांडण तसंच राहिलं. ते मला अजून सलतं.

महिन्यानं ताई म्हणाली, "सर, ती माणसं नदीकाठी उभी आहेत. अशी कशी सोडायची?" त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, बजावलं, बसायचं ते ह्याच ओट्यावर. त्याच्या जागी मी बसलो.

तीन फेऱ्या सुखरूप झाल्या. चौथीत वैदीण आणि कुंभाराची दोन पोरं होती. मी फासे टाकले. वाईट पडले. सगळे माझ्याकडे बघत होते. 'पोचली' म्हटलं असतं तर मला कुणी जाब विचारणार नव्हतं.

"होडी उलटली," मी म्हणालो.

"म्हातारी पोरांना वर धरते," ताई म्हणाली. पुन्हा फासे टाकले. पोरं पलीकडे लागली. म्हातारी नाही.

ताई पदरानं डोळे पुसत होती, आणि मला तर समोरचा कागद दिसेना.

"काका असते तर वाचवलं असतं का हो तिला?"

"नाही," मी म्हणालो.

वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्याही म्हणाल्या, "नहीच." मग कप खाली ठेवत म्हणाल्या, "पन तुमनं गाव पेटाडं ना, त्या रोज तुमना काका जेवनात नहीत, उपाशी झोपनात."