उजवी कंबर

गल्लीतल्या एका हळदीत मी नाचायला उठले, तर माझ्या थोरल्या नणंदेनं सगळ्यांसमोर हात धरून मला खाली बसवलं. म्हणाली, "तू बस गं. पिंप गडगडल्यावानी दिसायलंय." बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले. हिला नाचूनच दाखवायचं, हे मात्र तिथंच ठरलं.

दुष्काळाचं वर्ष. हर्सूलच्या पुढं नव्या प्लॉटिंगमध्ये आमचं घर, नळ आलेलाच नव्हता, सगळं पाणी टँकरचं. नवरा वाळूजला कामावर गेला की मी दार लावायचे, मोबाइल डब्यांच्या फळीवर टेकवायचे आणि बेली डान्स शिकायचे. गुडघे सैल, छाती जागच्या जागी, हलायची ती फक्त कंबर. मोबाइलमधल्या बाईच्या कमरेला नाण्यांचा पट्टा होता. आमच्याकडं सासऱ्यांच्या शेळ्यांच्या घंट्या होत्या. चारा मिळेना म्हणून शेळ्या विकल्या, घंट्या खिळ्याला राहिल्या. त्याच मी ओढणीला बांधल्या.

डाव्या झटक्याला घंट्या खणखणायच्या, उजव्याला मुक्या. लई वैताग आला. मग एकदा टँकरवर घागर उचलताना लक्षात आलं, जन्मभर पाणी डाव्या कमरेवर वाहिलंय, उजवी नुसती आयतं खात बसलीय. त्या दिवसापासून घागर उजवीकडं. निम्मं पाणी साडीवर सांडायचं. शेजारीण ओरडायची, "पाणी फुकट आलंय व्हय?" मी नणंदेचं तोंड आठवायचे आणि पुढची घागर उचलायचे.

धाकट्या दिराच्या हळदीत घंट्या बांधून नाचले. बाया उठून उभ्या राहिल्या. मी मात्र नणंदेकडं बघूनच नाचले. तिचा पडलेला चेहरा मला लई गोड लागला, पण तेवढ्यानं पोट भरलं नाही.

महिन्याभरात ती स्वतःच दारात आली. "मला बी शिकव की. पोरीचं लग्न काढलंय."

तिच्या फ्लॅटला बोअर. घागर तिनं कधी उचललेलीच नव्हती.

"शिकवते की, ताई. उद्या टँकरच्या वेळेला या."

आली. मी तिच्या उजव्या कमरेवर भरली घागर ठेवली. खेपा करून करून तिनं माझं पिंप भरलं. घामानं निथळत म्हणाली, "आता नाच?"

"आज नाय, ताई. आधी ही बाजू जागी व्हायला पाहिजे. उद्या या."

मग काठोकाठ भरलेल्या पिंपावर थाप मारून म्हणाले, "आता कसं, पिंप छान दिसायलंय."

या वेळी हसणारी मी एकटीच होते.