पायाची नाडी शोधणाऱ्या सोनावणे सिस्टर

सोनावणे सिस्टर पेशंटच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. खाटेजवळ आल्या की चादर बाजूला करून पावलावर दोन बोटं ठेवायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. पहिल्या दिवशी माझ्या बायकोनं, मंदानं, पाय झटकन ओढून घेतले. "अहो बाई, माझ्या कसल्या पाया पडता!" सिस्टर हसल्या नाहीत. "पाया नाही पडत, नाडी शोधते. हाताला असते तशी पायालाही असते. तुझी सापडत नाही. हलू नकोस."

उल्हासनगरच्या कॅम्पात एका सिंधी शेठच्या ट्रस्टचं ते इस्पितळ. आठवड्यातून एकदा मुंबईहून रक्तवाहिन्यांचे मोठे डॉक्टर यायचे, बाकीचे दिवस सिस्टरांचे. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. मी अंबरनाथला कारखान्यात कामाला, राहायला विठ्ठलवाडीच्या चाळीत. मंदाला साखरेचा आजार, त्यात लहानपणापासून तंबाखूची मिश्री लावायची सवय. उजव्या पायाचं रक्त कमी झालेलं. चार पावलं चालली की पोटरी धरून बसायची.

त्या वॉर्डात कुणाच्या शिरा फुगलेल्या, कुणाच्या नाड्या बुजलेल्या. फुगलेल्यांचे पाय उशीवर ठेवायचे, बुजलेल्यांचे नाही. नातेवाईक मात्र शेजारच्या खाटेवर बघून आपल्याही माणसाच्या पायाखाली उशी सरकवायचे. सिस्टर लांबूनच ओरडायच्या, "शेजारणीची साडी बघून आपण घ्यावी, तसलं नाही हे! काढा ती उशी!"

मंदाची मिश्रीची डबी त्यांनी तिसऱ्या दिवशी उशीच्या खोळीतून काढली. मंदा गयावया करायला लागली, "एक बोट फक्त, सिस्टर." "मग पायाचं एक बोट मला देऊन टाक. नाहीतरी जाणारच आहे." असल्या बोलायच्या. माणसाला रडवायच्या, आणि दुपारी स्वतःच्या डब्यातली भाजी त्यालाच वाढायच्या.

घरी सोडताना प्रत्येक नातेवाइकाकडून त्या पथ्यं वदवून घ्यायच्या, शाळेतल्यासारखी.

"मंदाचे मिस्टर, या पुढं. पाय गार लागला तर काय करायचं?"

"मोजा घालायचा."

"शेकायचं का?"

"नाही."

"का नाही?"

"रक्त नाही तिथं चटका कळत नाही."

"मोठ्यानं."

मी मोठ्यानं म्हटलं. बाया फिदीफिदी हसल्या. पन्नाशीला आलेला माणूस मी, मला त्यांचा रागच आला.

थंडीत एका सकाळी मंदा म्हणाली, "पाय बर्फ झालाय हो, काहीतरी करा." आमच्यात पोट दुखो, कंबर दुखो, शेक द्यायचा. आईनं जन्मभर तेच केलं. मी विटेचा तुकडा स्टोव्हवर तापवला, फडक्यात गुंडाळून तिच्या तळपायाला लावला. "बरं वाटतं का?" विचारलं. "काहीच कळत नाही," म्हणाली. म्हणून मी वीट आणखी तापवली.

फोड आला. तो काळा पडला. मोठ्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि ते माझ्यावर कडाडले, "कुणी शेकला हा? शेकायचं नाही असं सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

मी म्हणालो, "नाही साहेब. कुणीच नाही सांगितलं."

सिस्टर तिथंच पट्टी कापत उभ्या होत्या. डॉक्टर सगळ्या वॉर्डादेखत त्यांना नाही नाही ते बोलले. त्यांनी कात्री खाली ठेवली. "चुकलं सर," एवढंच म्हणाल्या. मंदा माझ्याकडे बघत होती. मी खिडकीकडे.

बाहेर पॅसेजमध्ये त्या माझ्यासमोर थांबल्या. "तिला आता तुमच्याच आधारानं उठायचं-बसायचंय. तिच्यादेखत तुम्हाला खोटं पाडून मला काय मिळणार होतं? पण तुम्ही आत जाऊन सांगू शकता. डॉक्टर अजून अर्धा तास आहेत."

मी बिडी ओढायला खाली गेलो.

मंदाचा पाय गुडघ्याखाली कापला. सिस्टरांना वॉर्डातून काढून औषधांच्या स्टोअरला बसवलं. तरी जेवणाच्या सुट्टीत येऊन त्या मंदाला कुबड्यांवर चालायला शिकवायच्या. "बगलेत भार नको, हातावर घे. कुबडी काय नवरा आहे, सगळं तिच्यावर टाकायला?" मंदा खळखळून हसली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं.

त्यानंतर मंदा नऊ वर्षं जगली. या विषयावर एकदाच बोलली. "जाऊन खरं सांगा हो. नाडी बघणारी बाई ती, गोळ्यांची खोकी लावत बसलीय." मी म्हणालो, "जाऊ दे, जुनं झालं आता." तिनं परत विषय काढला नाही.

ती गेल्यावर महिनाभरानं मी बदलापूरला, कात्रपला, सिस्टरांचं घर विचारत विचारत गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या. दारातच म्हणालो, "सिस्टर, तुम्ही सांगितलं होतं. मी खोटं बोललो."

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मंदालाही माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना सांगायचं होतं."

मग बसा म्हणाल्या, चहा टाकला. मंदाचं शेवटचं सगळं विचारून घेतलं, डोळे पुसले. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही.

आता त्याही नाहीत. मोठे डॉक्टर कुठं आहेत, आहेत की नाहीत, ठाऊक नाही. म्हणून ज्यांना माहीत नव्हतं अशा तुम्हालाच सांगतो. सिस्टरांची चूक नव्हती. त्यांनी सांगितलं होतं, मला नीट समजलं होतं, आणि मंदाचा पाय मी जाळला.