मामांच्या तोंडाची चव

वसतिगृहाच्या खानावळीचे आचारी सगळ्यांचे मामा होते, म्हणून भाज्या चिरणारी त्यांची बायको मामी. चव बघायचा मान मात्र एकट्या मामांचा. रश्शाचा थेंब तळहातावर घ्यायचा, चाटायचा, मान डोलवायची. मग जेवणाची घंटा. दुसऱ्या कोणी पातेल्याजवळ चमचा नेलेला त्यांना खपत नसे.

एकदा तापातून उठले आणि तोंडाची चव गेली ती परतलीच नाही. साखर आणि पीठ सारखंच लागू लागलं. मामांनी कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. चव न कळणाऱ्या आचाऱ्याला चुलीपुढे कोण उभं करणार? फार तर ताटं पुसायला बसवतील. तळहात चाटणं, मान डोलवणं तसंच चालू राहिलं. मीठ हाताच्या सवयीने पडत होतं, आणि बरोबर पडत होतं.

मग शेजारच्या मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर दुरुस्तीला निघालं. त्याही इथेच जेवायला येणार म्हणून भलंथोरलं नवं पातेलं चुलीवर चढलं. हाताला त्याची सवय नव्हती. मामांनी मीठ टाकलं, मान डोलवली, घंटा झाली.

"मामा, आज मीठ सुट्टीवर गेलं का हो?" एका पोराने ओरडून विचारलं.

"तुझा अभ्यास गेलाय ना, त्याला सोबत म्हणून!"

हशा पिकला. जेवणाला नावं ठेवणं हा पोरांचा नित्यनेमच. चांगलं झालं तरी ठेवायची. त्यामुळे आजची तक्रार खरी आहे, हे मामांना कळायला वावच नव्हता.

सगळे उठल्यावर मामी जेवायला बसली. पहिल्याच घासाला थांबली.

"अहो, चव घेतली होतीत ना?"

"घेतली की."

मामीने वाटीभर रश्शात मूठभर मीठ कालवलं आणि पुढे केलं. "प्या बरं." मामा प्याले. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"कधीपासून?" मामीचा आवाज उतरला.

"तापापासून."

"आणि मला सांगितलं नाहीत? मी काय परकी?"

"तू अशी बघशील म्हणून नाही सांगितलं. आता बघतेयस ना, तशी."

दुसऱ्या दिवशी मामा आपणहून रेक्टरबाईंकडे गेले. "बाई, माझी जीभ गेली. हात अजून आहेत." मागून आलेली मामी दारातूनच म्हणाली, "शिजवतील हेच. चव मी बघेन. फक्त माझं ऐकायला सांगा यांना."

"ऐकाल का मामा?"

आयुष्यात पहिल्यांदाच मामांनी त्या बाबतीत मान तुकवली. चूल मामांकडेच राहिली.

चव बघणं हाती येताच मामीने तिखट निम्म्यावर आणलं. "इतकी वर्षं पोरांची तोंडं भाजलीत. मी गप्प होते, एवढंच." लगेच पंगतीतून आरडाओरडा: "मामा, तिखट कुठे गेलं?"

या वेळी मामांनी ते हसण्यावारी नेलं नाही. आत जाऊन ते दबकत म्हणाले, "अगं, तिखट कमी पडलंय म्हणतात."

"आणि तुम्हाला कसं लागलं?" चिरता चिरता मामी सहज विचारून गेली. मग विळी थांबली. मामीलाच आधी हसू फुटलं.

"मला?" मामा म्हणाले. "झकास!"