रंधा माझ्यासाठीच हवा होता

माझे वडील आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत गायचे. दिवसभर पाणीखात्यात नोकरी, आणि संध्याकाळी बुद्धविहारात पेटी-ढोलकीच्या साथीनं गाणं. आवाज भारदस्त. खालच्या पट्टीत उतरले की समोर बसलेल्याच्या छातीत घुमायचा. एप्रिलमधल्या जयंतीला त्यांचं गाणं ऐकायला सगळी वस्ती जमायची.

स्पीकर मात्र यायचे मंगळवार पेठेतल्या एका मंडपवाल्याकडून. त्याच्याकडं दोन तऱ्हेची खोकी होती. चांगली खोकी लग्नांना आणि गणपतीला जायची. जाळी फाटलेली, कोपरे उसवलेली खोकी आमच्याकडं यायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका जयंतीला वडिलांनी तान घेतली आणि स्पीकरमधून पत्रा फाडल्यासारखा आवाज आला. पुढं बसलेली माणसं हसली. वडिलांनी माइक बाजूला सारला आणि उरलेलं गाणं तसंच म्हटलं. मागच्यांना काही ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मंडपवाल्याच्या दारात गेले. म्हटलं, "चांगली खोकी असताना आम्हाला असली का देता?"

"तुमच्या कार्यक्रमाला तेवढी बास हायत की," तो म्हणाला आणि आत निघून गेला.

'तुमच्या' म्हणजे कुणाच्या, ते त्यालाही कळत होतं आणि मलाही. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. वडिलांना म्हटलं, "आबा, पुढच्या जयंतीला त्याचा स्पीकर नको. मी करणार."

हे मी नुसतं रागानं बोलले नव्हते. आयटीआयला रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकले होते आणि शाहूपुरीत एका दुरुस्तीच्या दुकानात कामाला होते. अॅम्प्लिफायर घरी जोडून तयार होता. सुटे स्पीकर बाजारात मिळत होते. अडत होतं ते लाकडी खोक्यापाशी. सुटा स्पीकर नुसता वाजवला तर चिरका वाजतो. त्याला मापाचं, जाड, कुठंही फट नसलेलं खोकं मिळालं तरच खालचा सूर भरतो.

आधी रीतसर सुताराकडं गेले. कागदावर माप काढून दिलं, सांध्यांतून हवा जाता कामा नये असं बजावलं. त्यानं जे आणून ठेवलं ते खोकं नव्हतं, कपाट होतं. मागची फळी पातळ, सांध्यांतून उजेड दिसत होता, आणि गोल भोक एवढं मोठं की स्पीकरचे स्क्रू हवेत. मी परत नेलं तर म्हणाला, "पोरी, ह्यात गाणं वाजवायचंय का पाणी भरायचंय?"

त्याची माणसं खो खो हसली. मी खोकं तिथंच ठेवलं आणि ठरवलं की आता लाकडालाही हात आपणच घालायचा.

पगार झाल्यावर आलेल्या पहिल्या सुट्टीला लक्ष्मीपुरीत एका मोठ्या हत्यारांच्या दुकानात गेले. काउंटरपाशी गवंडी, सुतार, फिटर यांची गर्दी. सगळे पुरुष. मालक पन्नाशीचे, कपाळाला गंध, तोंडात पान.

"रंधा दाखवा," मी म्हटलं.

"कुणाला पायजे?"

"मला."

"तसं न्हवं. वापरणार कोण?"

"मीच."

त्यांनी पान गालात सरकवलं. "ताई, तुमच्या घरच्या मालकांना पाठवा. रंधा हाताला बसतोय का बघून घ्यायचा असतो."

"मग माझ्या हाताला बसतोय का बघते की. काढा."

त्यांनी रंधा काढला नाही. एक चिमुकली करवत पुढं केली, शाळेच्या हस्तकलेला लागते तसली. "हौसेला ही न्या. हलकी हाय."

मी ती परत सरकवली. "हौस न्हाय. जाड प्लायवूड कापायचंय. मोठी करवत, रंधा, पटाशी, गुण्या, हातानं फिरवायचं ड्रिल आणि फळ्या आवळून धरायचे शिकंजे. एवढं पाहिजे."

मागून कुणीतरी म्हणालं, "बोट तुटलं म्हंजे?"

"माझं तुटंल. तुमचं न्हाय."

मालकांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं तोंड फिरवलं. मीही हलले नाही. काउंटरपाशी एक रिकामा पत्र्याचा डबा होता, तो उलटा करून त्यावर बसले. येणारा-जाणारा विचारायचा, "ह्या का बसल्यात?" आणि मी मोठ्यानं सांगायची, "रंधा मागितला तर दाखवत न्हाईत."

बऱ्याच वेळानं मालकांनी हात जोडल्यासारखं केलं. "उठा बाई, काढतो. दुकान हाय माझं, तमाशा नको."

त्यांनी रंधे मांडले. मी एकेक उचलला. पहिल्याची मूठ माझ्या तळव्याला मोठी होती. दुसऱ्याचा तळ मी गुण्याची सरळ पट्टी लावून उजेडाला धरला. मधे फट दिसली, तो बाजूला ठेवला. तिसरा घेतला. शिकंज्यांचे स्क्रू सगळे फिरवून बघितले. मालकांनी पैसे मोजून घेतले. हत्यारं पोत्यात बांधून दिली, तेवढं मात्र नीट केलं.

पोतं खांद्यावर टाकून मी वस्तीपर्यंत चालत आले. रिक्षा मुद्दामच केली नाही. बघू देत म्हटलं सगळ्यांना.

घरी आईनं पोतं उघडून बघितलं. ती बांधकामावर पाट्या टाकायला जायची. तिला हत्यारांचं कौतुक नव्हतं आणि भीतीही नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "फळी धराय कोण?"

मी दारातून गल्लीकडं बघितलं.

"मी धरतो," आई म्हणाली, "तू काप."

दारापुढच्या जागेत आम्ही दोघी कामाला लागलो. नवा रंधा नीट चालेना. लाकूड सोलण्याऐवजी उपटायला लागला. दगडावर पाणी टाकून त्याचं पातं घासायचं असतं हे कळायला बरीच चिडचिड झाली. प्लायवूडची कड तासताना शेवटचा कोपरा फुटतो, म्हणून दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंतच तासायचं, हे एक आख्खी फळी वाया घालवून शिकले. गोल भोकासाठी वर्तुळाच्या कडेनं ड्रिलनं भोकं पाडायची, मग टोकदार करवतीनं जोडायची आणि कानशीनं घासत गोलाई आणायची. हात सुजायचे. गल्लीतली माणसं थांबायची, म्हणायची, "लग्नाची पोरगी, आणि सुतारकी करत बसलीया." आई फळी न सोडता उत्तर द्यायची, "मग तुमी या की धराय."

कुणी आलं नाही.

खोकी तयार झाली तेव्हा सांध्यांत सरस आणि भुशाचं मिश्रण भरलं, आत कापूस लावला, स्पीकर बसवले. वडिलांना बोलावलं आणि माइक हातात दिला. त्यांनी खोक्यांवरून हात फिरवला. मग अगदी खालच्या पट्टीत एक ओळ म्हटली. भिंतीतल्या फळीवरची ताटं थरथरली. आई चुलीपासनं म्हणाली, "हां. ह्यो खरा तुमचा आवाज." वडिलांनी माइक माझ्याकडं दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले. बराच वेळ आत आले नाहीत.

त्या जयंतीला आवाज वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत गेला. एका खोक्यात बारीक घरघर होती, ती मला ऐकू येत होती, बाकी कुणाला नाही. मंडपवाल्यालाही बातमी गेली. त्यानं निरोप धाडला: स्पीकर आमचे घेणार नसाल तर इथनं पुढं मंडपही मिळणार नाही.

विहारात बैठक बसली. मंडळातली जाणती माणसं म्हणाली, "कशाला वैर? घेऊया त्याचे स्पीकर. एका दिवसाचा तर प्रश्न."

मी मागच्या रांगेत होते. उभी राहिले. "ज्याला आपल्याला फाटकंच द्यायचंय, त्याच्यापुढं वाकून मंडप कशाला आणायचा? उघड्यावर बसू. ऊन उतरल्यावर बसू. आपण उघड्यावर बसल्यानं आपलं काय कमी होतंय?"

कुणीतरी म्हणालं, "पोरीनं एवढं बोलू नये." तेव्हा वडील उठले. ते बैठकीत कधी बोलत नसत. म्हणाले, "मी त्या फाटक्या स्पीकरवर गाणार न्हाय. मंडप असू दे न्हाय तर नसू दे." मग तसंच ठरलं.

पुढच्या जयंतीचा कार्यक्रम मंडपाविना झाला. दिवस कलल्यावर बायकांनी घरातल्या चादरी, सतरंज्या आणून अंथरल्या. वारं होतं, धूळ उडत होती, मुलं चादरींची टोकं धरून बसली होती. वडील गायले. खोक्यातली घरघर मी तोवर काढून टाकली होती.

त्याच्या पुढच्या वर्षी मंडप आला, पण गारगोटीहून, दुसऱ्याच माणसाचा. आणि त्यानंतर काही महिन्यांनी मंगळवार पेठेतल्या त्या मंडपवाल्याचा माणूस आमच्या दारात उभा राहिला. एका मोठ्या लग्नात त्यांची खोकी कमी पडत होती. आमची मिळतील का, असं विचारत होता.

मी पटाशीला धार लावत होते. तशीच बसून म्हटलं, "मिळतील की. त्यांना म्हणावं, स्वतः येऊन मागा. इथं, आमच्या दारात."

तो माणूस जरा घुटमळला. "ते न्हाय येणार वो, ताई."

"मग खोकी बी न्हाईत येणार," मी म्हटलं आणि पातं पुन्हा दगडावर ठेवलं.